अलिबागला स्वस्तात मुक्काम: खाट, खोली की वाडी?

अलिबाग आता स्वस्त राहिलेले नाही, ही तक्रार जुनीच. पण तिथे स्वस्तात दोन दिवस काढायला जाणाऱ्यांची गर्दी काही ओसरत नाही. 2011च्या जनगणनेत वीस हजारांच्या आसपास वस्ती असलेले हे रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण शनिवारी दुपारी पाहावे. एसटी स्टँडबाहेर रिक्षा आणि मिनीडोरवाल्यांची हाकाटी चाललेली असते, किनाऱ्यावर घोडागाड्या धावत असतात, ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे माणसांची रांग निघते, आणि यातल्या निम्म्यांना रात्री कुठे झोपायचे हे अजून ठरवायचे असते. मुंबईकराने ‘अलिबागसे आया क्या’ हा टोमणा रुजवला. त्यावर बंदी घालावी अशी याचिका 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि फेटाळली गेली. टोमणा मारणारे आणि खोली शोधणारे बरेचदा एकच असतात.

पूर्वी या शोधाची उत्तरे दोन होती: स्टँडजवळचे लॉज, नाहीतर वाडीतली घरगुती सोय. गेल्या काही वर्षांत त्यात तिसरे उत्तर मिसळले. अलिबाग, नागाव, काशीद या पट्ट्यात हॉस्टेल किंवा डॉर्मिटरी म्हणवणाऱ्या जागा दिसू लागल्या. तिथे खोलीऐवजी खाट भाड्याने मिळते. यातले कोणते कोणाला परवडते, कोणाला दार उघडते आणि गावाला कोणते सोसते, यावर मतांतरे आहेत. ती एकत्र मांडून पाहण्याचा हा प्रयत्न. मांडव्याचे जलतरण तलाववाले बंगले आणि पंचतारांकित रिसॉर्ट यात धरलेले नाहीत. एका अपवादापुरते मात्र बंगल्यांकडे यावे लागेल.

भक्तनिवासापासून डॉर्मिटरीपर्यंत

अनोळखी माणसांसोबत एका दालनात झोपणे मराठी माणसाला नवे नाही. शेगावला, अक्कलकोटला, शिर्डीला जाऊन आलेल्या कोणत्याही कुटुंबाने सामायिक हॉल, सामायिक नळ आणि उशाला ठेवलेली पिशवी अनुभवलेली असते. मात्र ती व्यवस्था देवाच्या नावावर चालते. शिस्त संस्थानाची, वेळा काकडआरतीच्या, आणि पुरुषांची व बायकांची झोपण्याची जागा बहुधा वेगळी. सहलीला हाच प्रकार चालेल का, ही शंका तिथूनच सुरू होते.

सहलीच्या हॉस्टेलची परंपरा वेगळ्या मुलखातली. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाला 1909 मध्ये मुलांच्या पायी सहलीत वादळाने गाठले आणि एका शाळेत रात्र काढावी लागली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांत विद्यार्थ्यांना स्वस्त निवारा द्यावा, ही कल्पना त्याला तेव्हा सुचली. पुढे आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे युवा वसतिगृह उभे राहिले. भारतात यूथ हॉस्टेल्स असोसिएशनने ही चळवळ आणली, आणि महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या पिढ्या तिच्या हिमालयातल्या शिबिरांना गेल्या. त्यात स्वस्ताई होती तशी शिस्तही होती.

आजचे हॉस्टेल यापुढची पायरी. 2013 मध्ये जोधपूरला झोस्टेलचे पहिले हॉस्टेल निघाले आणि त्यापाठोपाठ गोस्टॉप्स, द होस्टेलर अशी नावे आली. बंक बेड, लॉकर, भिंतीवर चित्रे, आणि गप्पा मारायला एक सामायिक दिवाणखाना. एकट्याने हिंडणारा तरुण हा त्यांचा ग्राहक. म्हणून ही हॉस्टेले आधी ऋषिकेश, मनाली, वाराणसी, गोवा, गोकर्ण अशा ठिकाणी रुजली, जिथे माणूस चार-आठ दिवस मुक्कामाला येतो आणि एकटाही येतो.

अलिबागचे तसे नाही. इथला पाहुणा शनिवारी येतो, रविवारी जातो, आणि सहसा एकटा येत नाही. त्याच्या सोयीसाठी इथे दुसरीच व्यवस्था वाढली. पूर्वी सरकारी विश्रामगृह होते, बँकांनी आणि कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी घेतलेली हॉलिडे होम होती, स्टँडजवळची लॉज होती. बाकीचे ओळखीच्या घरी उतरत. पर्यटन महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने घरमालकांना पाहुणे ठेवण्याचा अधिकृत मार्ग दिला, आणि आक्षी-नागावच्या वाड्यांत एकेक करून खोल्या निघाल्या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा याच वाड्यांतल्या नारळी-पोफळी मोडून पडल्या. पोफळ लावली की उत्पन्नाला वर्षे थांबावे लागते. खोली बांधली की पुढच्याच हंगामात पैसा येतो. वाडीतल्या माणसाने कोणता हिशेब केला असेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि मुंबईहून गाडी थेट बोटीत घालून आणता येऊ लागली. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. माणसे येण्याचा वेग वाढला आणि राहण्याच्या जागांचा वाददेखील.

माणशी, खोलीमागे, खाटेमागे

स्वस्त काय, या प्रश्नावरची निम्मी भांडणे केवळ हिशेबाचे एकक वेगळे असल्यामुळे होतात. लॉज खोलीमागे पैसे घेते. वाडीतली घरगुती सोय बहुतेक वेळा माणशी दर सांगते, आणि त्यात संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता, कधी दुसऱ्या दिवशीचे जेवणही धरलेले असते. हॉस्टेल खाटेमागे घेते आणि खाण्याचे वेगळे. हे तिन्ही आकडे शेजारी मांडून ‘हे स्वस्त, ते महाग’ म्हणण्यात अर्थ नाही, पण बुकिंगच्या अ‍ॅपवर ते तसेच शेजारी दिसतात.

उदाहरणापुरते आकडे धरू. शनिवारी खाट 800 रुपये, लॉजची बिगर-एसी खोली 2,400 आणि वाडीतला दर जेवणखाणासह माणशी 1,500. एकट्याला खाट सर्वांत स्वस्त, यात वाद नाही. दोघांना दोन खाटांचे 1,600 पडतात, म्हणजे खोलीपेक्षा कमीच. तिघे झाले की खाट आणि खोली बरोबरीत येतात. चौथ्यासाठी लॉजवाला ‘एक्स्ट्रा गादी’ टाकून देतो आणि खाटेचा हिशेब हरतो. वाडीचा दर वरकरणी सगळ्यांत चढा दिसतो. पण दोन वेळचे मासळीचे जेवण बाहेर खाऊन पाहिले की तो आकडा तितका मोठा वाटत नाही. सुरमई किंवा पापलेटची थाळी, तांदळाची भाकरी आणि सोलकढी यांचे बिल खोलीच्या भाड्याशी स्पर्धा करते.

माणशी दरातही खाचाखोचा आहेत. ‘किमान दोन माणसे’ ही अट बहुतेक ठिकाणी असते, म्हणजे एकट्याला दुप्पट दर. लहान मुलांचे वय विचारून अर्धे किंवा पाव पैसे लावतात. थाळीत मासळीचा एकच तुकडा असतो, दुसऱ्याचे वेगळे. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ‘ताजी मासळी’ या शब्दांना किती महत्त्व द्यायचे, ते ज्याने त्याने ठरवावे. हिवाळ्यात मात्र वाडी सगळ्यांवर मात करते. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात भाजलेली पोपटी लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर लावता येत नाही. त्या दिवसांत पोपटी मिळते का हे विचारूनच मुक्काम ठरवणारे कितीतरी आहेत, आणि ते मला खाटेची रुंदी विचारण्यापेक्षा शहाणपणाचे वाटते.

आता तो बंगल्यांचा अपवाद. दहा-बारा जणांचा गट अख्खा बंगला घेतो आणि भाडे वाटून घेतो, तेव्हा माणशी रक्कम पुष्कळदा हॉस्टेलच्या खाटेच्या आसपास येते. शिवाय स्वयंपाकघर आपले, गोंगाट आपला. मुंबई-पुण्याचे तरुण अलिबागला येतात ते बहुधा अशाच गटाने. इथे हॉस्टेलला खरा प्रतिस्पर्धी लॉज नसून वाटून घेतलेला बंगला आहे, असे मला वाटते, आणि गोव्यात-गोकर्णात भरलेली हॉस्टेले अलिबागला सावकाश का रुजतात याचे बरेचसे उत्तर त्यात असावे.

वाराचाही प्रश्न आहे. शनिवारचा दर सोमवार ते गुरुवारच्या दीडपट-दुप्पट असणे इथे नेहमीचे. नाताळ ते नववर्ष आणि जोडून आलेल्या सुट्यांत तर तेही गणित कोलमडते. ज्याला मंगळवारी जाता येते त्याने हा लेख न वाचताही चालेल.

स्टँडपासून किती लांब

स्वस्त जागेची निवड करताना भाड्याइतकेच अंतर महत्त्वाचे असते, आणि याच ठिकाणी बाहेरचा माणूस फसतो. ‘अलिबाग’ या नावाखाली अ‍ॅपवर जे दिसते ते मांडव्यापासून मुरूडपर्यंत पसरलेले असते. वरसोली गावाला लागूनच, सुमारे दोन किलोमीटरवर. आक्षी गावाच्या दक्षिणेला, त्यापुढे नागाव आठ-नऊ किलोमीटरवर. उत्तरेला किहीम बारा किलोमीटरच्या आसपास, दक्षिणेला रेवदंडा सतरा-अठरावर. काशीदला तीस किलोमीटर आणि मुरूडला जवळपास पन्नास.

गेटवेहून मांडव्याला बोटीने तासाभरात पोहोचता येते आणि बोट कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते. ही बस अलिबागला सोडते. तिथून नागावला मिनीडोर मिळते, पण अंधार पडल्यावर ती विरळ होते आणि रिक्षाचा भाव चढतो. काशीदला खाट स्वस्त मिळाली तरी जाण्या-येण्यात वाचलेले पैसे जातात. स्वतःची गाडी किंवा दुचाकी असलेल्याला ही अडचण नाही. त्याची अडचण वडखळच्या वाहतूककोंडीत आणि पार्किंगच्या जागेत असते.

पावसाळ्यात चित्र उलटते. गेटवेच्या बोटी जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. रो-रो हवामान बघून चालते, बाकी सगळे रस्त्याने. तेव्हा पेण-वडखळ मार्गे एसटीने येणाऱ्याला स्टँडजवळचे लॉज सोयीचे पडते, आणि खोल्याही रिकाम्या असल्याने भाव पाडून मागता येतो. खवळलेल्या समुद्रात उतरता येत नाही, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या जागेसाठी जादा पैसे मोजण्यात त्या दिवसांत फारसे हशील नाही.

हॉस्टेलवाल्यांचे म्हणणे, वाडीवाल्यांचे म्हणणे

हॉस्टेलच्या बाजूने बोलणारे तीन मुद्दे मांडतात. पहिला, एकट्या प्रवाशाला सन्मानाने आणि परवडेल अशा दरात जागा देणारी ही एकमेव व्यवस्था आहे. दुसरा, दर छापील असतो. फोनवर ‘तुम्ही या तर, बघू’ असे उत्तर मिळत नाही. तिसरा मुद्दा सोबतीचा. सामायिक दिवाणखान्यात ओळखी होतात, सकाळी किल्ल्यावर जायला जोडीदार मिळतो, आणि ज्याला घरगुती पाहुणचाराचा संकोच वाटतो त्याला इथे मोकळे वाटते. मुलींसाठी वेगळी डॉर्म, चावीचे कार्ड, लॉकर यामुळे सुरक्षिततेचे निकष डोळ्यांना दिसतात, तपासता येतात.

वाडीवाल्यांच्या बाजूचे म्हणणे याच्या नेमके उलट टोकाला आहे. सुरक्षितता कार्डात नसते. मालक-मालकीण शेजारच्या पडवीत झोपतात यात असते, असे ते सांगतात. पैसा गावात राहतो. मासळी गावच्या कोळणीकडून येते, भाकऱ्या शेजारणी करतात, नारळ झाडाचाच. हॉस्टेलची साखळी चालवणारे बाहेरचे, भाडेकराराने जागा घेणारे. त्यांचा फायदा दुसऱ्या शहरात जातो. केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेतही मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि जास्तीत जास्त सहा खोल्या भाड्याने द्याव्यात अशी अट आहे. ती याच विचारातून आलेली. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ धोरणाने पर्यटन व्यवसायात पडणाऱ्या स्त्रियांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा देऊ केला, त्यातही घरगुती निवासाची कल्पना डोळ्यांसमोर होती.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि दोन्ही बाजू आपापल्या सर्वोत्तम नमुन्यावरून बोलतात. प्रत्यक्षात ‘हॉस्टेल’ पाटी लावून जुन्या लॉजच्या खोलीत चार बंक बेड कोंबलेले असतात, खिडकी एक आणि न्हाणीघर मजल्याच्या टोकाला. आणि ‘घरगुती’ पाटीमागे अनेकदा घरच नसते. मालक मुंबईला, वाडी केअरटेकरवर, जेवण बाहेरच्या खानावळीतून. निवड करणाऱ्याला पाटीवरच्या नावापेक्षा रात्री दहा वाजता जागेवर जबाबदार माणूस कोण असतो, हे विचारणे उपयोगी पडते. फोनवर या एका प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर पुढचे विचारूच नये.

तिसरी बाजू शेजाऱ्यांची, आणि ती सहसा कोणी विचारत नाही. वाडीला वाडी लागून असते. एका वाडीतल्या ब्लूटूथ स्पीकरचा आवाज दुसऱ्या वाडीतल्या आजारी म्हाताऱ्याच्या खाटेपर्यंत जातो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकावर बंदी घालणारे नियम 2000 पासून आहेत, पण ते पाळून घेण्याचे काम प्रत्यक्षात यजमानावर पडते. काही यजमान ते करतात. ज्यांच्या खोल्या रिकाम्या राहतात ते करायला कचरतात.

दार कोणाला उघडते

दराची चर्चा खूप होते. कोणाला नाकारले जाते याची कमी. इथल्या बऱ्याच घरगुती जागा ‘फक्त फॅमिली’ असे स्पष्ट सांगतात. त्यात तीन प्रकारचे लोक बाहेर राहतात: मुलांचा गट, अविवाहित जोडपे आणि एकटा माणूस.

मुलांच्या गटाला नकार देण्यामागे दारू, गोंगाट आणि समुद्रात रात्री उतरण्याची भीती असते. मुरूडला फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी दिवसाउजेडी बुडाले होते, आणि अशा घटनांची आठवण किनाऱ्यावरच्या यजमानाला राहते. दुसऱ्या बाजूला, गटात आलेल्या सगळ्याच मुलांना एका मापाने मोजणे अन्यायाचे, असे तरुण म्हणतात, आणि हॉस्टेले हीच जागा भरून काढतात.

अविवाहित जोडप्यांचा प्रश्न कायद्यापेक्षा रीतीचा आहे. दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात सांगितले. पण म्हणून प्रत्येक यजमानावर खोली देण्याची सक्ती झाली असे नाही. जानेवारी 2025 मध्ये ओयोने मेरठपासून सुरुवात करून, भागीदार हॉटेलांना अशा जोडप्यांना नाकारण्याची मुभा दिली, तेव्हा स्थानिक भावनांचा हवाला दिला गेला. एक बाजू याला यजमानाचे स्वातंत्र्य म्हणते, दुसरी भेदभाव. वाडीतल्या मालकिणीचे म्हणणे याहून साधे असते: घरात सून आहे, नातवंडे आहेत, पोलीस आले तर उत्तर मला द्यायचे आहे. तिच्या जागी बसून पाहिले तर ते समजते. जोडप्याच्या जागी बसून पाहिले तर, दोघांची ओळखपत्रे खरी असताना ‘दोघांचा पत्ता एकच आहे का’ हा प्रश्न अपमानाचा वाटतो, हेही तितकेच समजते.

एकट्या स्त्रीच्या बाबतीत अनुभव दोन्ही टोकांचे ऐकू येतात. काही घरांत तिला मुलीसारखे वागवतात, काही ठिकाणी ‘एकट्याच का आलात’ या चौकशीने ती बेजार होते. परदेशी पाहुण्याची अडचण वेगळी. त्याच्या आगमनाची माहिती यजमानाने चोवीस तासांत ऑनलाइन द्यायची असते. ही कटकट नको म्हणून लहान घरे परदेशी पाहुणा टाळतात; हॉस्टेलांना त्याची सवय असते.

तारे, कमिशन आणि कर

पूर्वी जागेची खात्री ओळखीच्या माणसाकडून होई, आता ताऱ्यांवरून होते. पण पाचपैकी साडेचार तारे मिळालेल्या दोन जागांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. घरगुती जागेचा पाहुणा मालकिणीच्या हातच्या जेवणावर खूश होऊन पाच तारे देतो आणि गळक्या नळाबद्दल गप्प राहतो. हॉस्टेलचा पाहुणा वातावरणाला तारे देतो. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणले. खोटे आणि विकत घेतलेले अभिप्राय रोखणे हा त्याचा हेतू. ते ऐच्छिक ठेवल्याने परिणाम मर्यादित, असे टीकाकार म्हणतात. सक्ती केली तर छोट्या व्यासपीठांचे कंबरडे मोडेल, असे दुसरी बाजू सांगते. तोवर वाचणाऱ्याने सरासरी सोडून द्यावी, गेल्या तीन महिन्यांतले दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय शोधावेत आणि तेही शनिवारच्या मुक्कामाचे. बुधवारी शांत असलेली जागा शनिवारी ओळखू येत नाही.

थेट फोन करावा की अ‍ॅपवरून घ्यावे, हा दुसरा वाद. अ‍ॅपवर दर दिसतो, रद्द केल्यास पैसे परत मिळण्याचा लेखी नियम असतो. फोनवर मालक कमिशन वाचल्याने थोडे कमी करतो, पण आगाऊ रक्कम यूपीआयने पाठवली की तिची पावती म्हणजे फोनमधला एक स्क्रीनशॉट. हॉटेलांनी दुसरीकडे कमी दर देऊ नये अशा अटी घातल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला 223.48 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. थेट दर आणि अ‍ॅपचा दर यांतला फरक हा त्यामुळे केवळ नागावच्या मालकापुरता विषय राहिलेला नाही.

करामुळेही फरक पडतो. दिवसाला 1,000 रुपयांपर्यंतच्या खोलीला जीएसटीतून असलेली सूट 18 जुलै 2022 पासून गेली आणि स्वस्तातल्या मुक्कामावर 12 टक्के कर आला. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो 5 टक्के झाला. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या वाडीवाल्याला नोंदणीची गरज नसते, त्यामुळे थेट घेतलेल्या खोलीवर कर लागत नाही. तीच खोली अ‍ॅपवरून घेतली तर कर अ‍ॅपने भरायचा असतो, आणि अर्थात तो पाहुण्याच्या बिलात येतो. हॉस्टेलवाले याला असमान स्पर्धा म्हणतात. घरगुतीवाले म्हणतात, दोन खोल्यांच्या घराला कंपनीच्या पंक्तीला बसवू नका.

वाळू, विहीर आणि कायदा

अलिबागच्या किनाऱ्यावरच्या बांधकामाचा प्रश्न 8 मार्च 2019 रोजी किहीमला नीरव मोदीचा बंगला स्फोटकांनी पाडला तेव्हा देशभर गाजला. मोठ्या बंगल्यांची चर्चा झाली, छोट्या कॉटेजांची झाली नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 ची, नंतर 2011 आणि 2019 ची. शेवटच्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. 2011च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला 2,161हून दाट वस्ती असेल तिथे भरतीरेषेपासून 50 मीटर, बाकी ठिकाणी 200 मीटर ना-विकास क्षेत्र. शिवाय स्थानिकांना, मच्छीमारांना धरून, आहे त्या घराचा पाया, रचना आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवण्याची मुभा दिली.

त्या मुभेचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. स्थानिकांच्या मते हा त्यांचा हक्क फार उशिरा मान्य झाला. पर्यावरणवाद्यांच्या मते घरात पाहुणे ठेवणे आणि वाडीत पाच नव्या खोल्या बांधणे यांतली रेषा कागदावरच राहते. शेजारच्या गोव्यात 1982 च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्याने पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी सक्तीची केली आहे. महाराष्ट्रात न्याहारी-निवास योजनेतली नोंदणी स्वेच्छेची. सक्तीने दर्जा सुधारेल की दोन खोल्यांचे मालक कागदांना घाबरून नाव न लावताच धंदा चालू ठेवतील, यावर एकमत नाही.

पाण्याबद्दल मात्र फारसे दुमत ऐकू येत नाही, फक्त चर्चाच कमी होते. वाडीची विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा एकाच गुंठ्यात येतात. उन्हाळ्यात उपसा वाढला की किनाऱ्यालगतच्या विहिरींना खारे पाणी लागते. तालुक्याच्या पूर्वेला खारेपाटातली गावे पिण्याच्या पाण्यासाठी झगडत असताना एप्रिल-मेमध्ये पर्यटकांसाठी टँकर येतात. खाटेमागे पाणी किती लागते, खोलीमागे किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. सामायिक न्हाणीघरात पाणी कमी लागते असा हॉस्टेलवाल्यांचा दावा पटण्यासारखा आहे, पण कोणी मोजून दाखवला तर तो वादात कामाला येईल.

अजून न ठरलेले

पुढच्या काही वर्षांत हा सगळा हिशेब बदलू शकतो. मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून बोलल्या जाणाऱ्या रेवस-करंजा पुलाचे काम धरमतर खाडीवर चालू आहे, आणि रेवस-रेडी सागरी मार्ग त्याला जोडायचा आहे. अटल सेतू आणि हा पूल मिळून मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परतणे सहज झाले, तर मुक्काम करणारा पाहुणा घटेल, असे वरसोली-नागावच्या छोट्या यजमानांना वाटते. त्यांच्या मते आजच्या शनिवारच्या भावाला आधार आहे तो शेवटची बोट चुकण्याच्या धास्तीचा. हॉस्टेलच्या बाजूने विचार करणारे याच्या उलट सांगतात. रस्ता सोपा झाला की एकटा माणूस, दुचाकीवाला आणि लॅपटॉप घेऊन मधल्या वारी येणारा येईल, आणि त्याला अख्खी खोली नको असते. सागरी मार्गाने पाहुणा अलिबागला न थांबता थेट श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे निघून जाईल, अशी तिसरी शक्यता आहे. तिच्यावर अलिबागमध्ये कमी आणि श्रीवर्धनला जास्त बोलले जाते.